दहा चित्रपटगृहांची कहाणी

वाचकहो, शुक्रवारी सकाळी आपल्या गावातल्या चित्रपटगृहावर नवे पोस्टर चढते आणि जुने खाली उतरते, हे दृश्य तुम्ही कित्येकदा पाहिले असेल. एखादे वेळी असे होते की, एखाद्या चांगल्या चित्रपटाविषयी चार लोकांकडून ऐकावे, रविवारी सहकुटुंब जायचे ठरवावे, आणि दारावर जाऊन पाहावे तो चित्रपट उतरलेला! "साहेब, चालला नाही," खिडकीवरचा माणूस सांगतो. चालला नाही म्हणजे काय, तर पहिल्या तीन दिवसांत गल्ला भरला नाही. पण ज्याची कीर्ती माणसामाणसांतून हळूहळू पसरायची, तो चित्रपट तीन दिवसांत चालणार तरी कसा? बी पेरल्यावर तिसऱ्या दिवशी कणीस मागण्यासारखेच हे झाले.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असे नाही. जिथे जिथे चित्रपटाचा धंदा आहे, तिथे तिथे तो आहे. मात्र एका देशात काही मंडळींनी एकत्र येऊन या प्रश्नाला व्यवहाराच्या भाषेत उत्तर देण्याचा प्रयत्न केला. तो देश म्हणजे जपान, आणि त्या प्रयत्नाचे नाव 'आर्ट थिएटर गिल्ड'. आपण त्याला नुसते 'गिल्ड' म्हणू. दहा चित्रपटगृहांची ही एक साखळी होती. तिची कहाणी आज तुम्हांला सांगावयाची आहे. या कहाणीत आपल्या अपूचाही थोडा प्रवेश आहे. पण तो यथाक्रम येईल.

प्रथम त्या काळचा जपान कसा होता ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेला हा देश १९५० नंतर झपाट्याने उभा राहिला, आणि त्याबरोबर तिथला चित्रपट-धंदाही. १९५८ साली जपानमधील चित्रपटगृहांत ११२ कोटींहून अधिक तिकिटे खपली. त्या वेळची जपानची लोकसंख्या सव्वानऊ कोटींच्या आसपास. म्हणजे तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येक माणूस वर्षातून बारा वेळा, महिन्याला एकदा, चित्रपट पाहत होता असा हिशेब होतो! १९६० साली देशात सात हजारांहून अधिक चित्रपटगृहे होती.

इतकी चित्रपटगृहे असताना चांगल्या चित्रपटाला जागा मिळू नये हे कसे, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण धंद्याच्या रचनेत होते. शोचिकु, तोहो, दाइएई, निक्कात्सु, तोएई अशा मोजक्या मोठ्या कंपन्या चित्रपट काढीत, त्याच ते देशभर वाटीत आणि पुष्कळशी चित्रपटगृहेही त्यांच्याच मालकीची किंवा त्यांच्याशी कराराने बांधलेली असत. कारखाना त्यांचा, गाडी त्यांची आणि दुकानही त्यांचेच. आठवड्याला नवा कार्यक्रम, एका तिकिटात दोन चित्रपट, असा रतीब चालू होता. दिग्दर्शक हा कंपनीचा पगारी नोकर. या यंत्रातून ओझू आणि कुरोसावा यांच्यासारखे थोर कलावंतही निघाले, हे विसरता येणार नाही. परंतु ज्याला या यंत्राबाहेर राहून चित्रपट काढायचा असेल, त्याला तो दाखवायला पडदाच मिळत नसे.

परदेशी चित्रपटांची स्थिती निराळी होती, पण बरी नव्हती. परकीय चलन जपून वापरायचे म्हणून सरकारने आयातीवर बंधने घातली होती, ती १९६४ पर्यंत टिकली. वितरकाला वर्षाकाठी ठरावीकच चित्रपट आणता येत. आता तुम्हीच सांगा, हातात मोजके परवाने असताना कोणता व्यापारी त्यातला एक एखाद्या गंभीर पोलिश किंवा स्वीडिश चित्रपटावर खर्च करील? तो खात्रीचा अमेरिकन मालच आणणार. यात त्याचा दोष नाही. दुकानदाराने दुकानदाराप्रमाणे वागावे, यात नवल ते कसले?

अशा स्थितीत एका बाईंनी या कामात लक्ष घातले. त्यांचे नाव काशिको कावाकिता. त्यांचे पती नागामासा कावाकिता यांनी १९२८ साली 'तोवा' नावाची कंपनी काढून युरोपातले चित्रपट जपानमध्ये आणण्याचा व्यवसाय सुरू केला होता. काशिकोबाई १९२९ साली त्या कंपनीत सचिव म्हणून लागल्या आणि त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला. पुढे पतीबरोबर युरोपात गेल्या असता त्यांनी स्वतः एक जर्मन चित्रपट निवडला, 'मेडशन इन युनिफॉर्म'. मुलींच्या वसतिगृहाच्या कडक शिस्तीची ती कथा, आणि तिची दिग्दर्शिकाही एक स्त्रीच. हा चित्रपट १९३३ साली जपानमध्ये लागला आणि उत्तम चालला. चांगले आणि चालणारे यांचे हाडवैर असते असे नाही, हा धडा काशिकोबाईंना ऐन तारुण्यातच मिळाला होता.

१९५० नंतरच्या दशकात त्यांचा बराच काळ युरोपात गेला. लंडनचे नॅशनल फिल्म थिएटर आणि पॅरिसचे सिनेमातेक त्यांनी जवळून पाहिले. जुने चित्रपट ग्रंथांसारखे जतन करून ठेवलेले, आणि रोज संध्याकाळी ते पाहायला रांगा लागलेल्या! जपान जगात सर्वांत अधिक चित्रपट काढणाऱ्या देशांपैकी एक, पण तिथे असे काहीच नव्हते. परत आल्यावर त्यांनी दोन कामे हाती घेतली. एक, जुन्या चित्रपटांचा संग्रह उभारणे, आणि दुसरे, चांगल्या नव्या चित्रपटांसाठी हक्काचे पडदे मिळवणे. १९५७ साली काही तरुण दिग्दर्शकांना आणि समीक्षकांना बरोबर घेऊन त्यांनी या दुसऱ्या कामासाठी एक मंडळ स्थापन केले.

मंडळे स्थापन होतात, ठराव होतात, चहापान होते आणि सगळे घरी जातात, हा आपलाही अनुभव आहे. इथे तसे झाले नाही, कारण काशिकोबाई केवळ रसिक नव्हत्या, धंद्यातल्या होत्या. उपदेशाने चित्रपटगृहाचा मालक हलत नाही हे त्या जाणून होत्या. त्यांनी तोहो कंपनीतले वजनदार गृहस्थ इवाओ मोरी यांचे मन वळवले. तोहोने भांडवलाचा मोठा वाटा उचलला आणि आपली काही चित्रपटगृहे देऊ केली. दुसऱ्या काही चित्रपटगृहांचे मालकही सामील झाले. त्यांतल्याच एका कंपनीचे तानेओ इसेकी हे अध्यक्ष झाले, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये गिल्डची स्थापना झाली. तोक्योखेरीज योकोहामा, नागोया, ओसाका, फुकुओका, साप्पोरो अशा मोठ्या शहरांतली मिळून दहा चित्रपटगृहे.

आता गिल्डचे नियम पाहा. सगळी गंमत या नियमांतच आहे.

पहिला नियम असा की, चित्रपट निवडायचा तो समीक्षकांच्या समितीने, मालकांनी नाही. मालकांच्या हाती निवड गेली की पहिल्या तोट्याबरोबर सारे पूर्वपदावर येणार, हे उघड होते.

दुसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. एकदा लागलेला चित्रपट निदान एक महिना उतरवायचा नाही. गल्ला भरो अगर न भरो, पाऊस पडो अगर बर्फ पडो, महिनाभर तो पडद्यावर राहणार म्हणजे राहणार. आठवड्याला दोन चित्रपट बदलणाऱ्या त्या देशात हा नियम म्हणजे वेडेपणाच वाटला असेल. पण विचार करा. चांगल्या चित्रपटाची जाहिरात करायला गिल्डपाशी पैसा नव्हता. त्याची जाहिरात म्हणजे पाहून आलेला प्रेक्षक. तो सोमवारी कचेरीत सांगणार, त्याचा मित्र पुढच्या रविवारी जाणार, तो आणखी दोघांना सांगणार. या गोष्टीला वेळ लागतो. गिल्डने पैशाच्या ऐवजी वेळ खर्च केला.

तिसरा नियम सभासदांचा. वर्गणी भरून सभासद झालेल्यांना तिकिटात सवलत मिळे. त्यामुळे निश्चित येणारा असा एक प्रेक्षक तयार झाला. आणि चौथी गोष्ट, प्रत्येक चित्रपटाबरोबर एक पुस्तिका निघे. तिच्यात लेख असत आणि चित्रपटाची संपूर्ण पटकथाही छापलेली असे. घरी जाऊन ती वाचावी, समजले नसेल ते समजून घ्यावे आणि पुन्हा पाहावयास यावे! जपानमध्ये त्या पुस्तिका आजही जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून शोधल्या जातात.

२० एप्रिल १९६२ रोजी पहिला चित्रपट लागला, पोलंडच्या येझी कावालेरोविच यांचा 'मदर जोन ऑफ द एंजल्स'. मठातल्या जोगिणींना झपाटणाऱ्या भुताटकीची ही कथा सोपी नाही, करमणुकीची तर मुळीच नाही. पहिलाच घास इतका कठीण घेतला, यावरून मंडळींचा निश्चय दिसतो. त्याच वर्षी बर्गमन यांचा 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' लागला. जपानी तरुणांनी या चित्रपटगृहांत पुढील काही वर्षांत काय काय पाहिले! आयझेनस्टाइनचे जुने रशियन चित्रपट पाहिले. ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन' निघाला १९४१ साली. जपानमध्ये तो चित्रपटगृहात रीतसर लागला १९६६ साली, आणि तो गिल्डनेच लावला. पंचवीस वर्षे एक जगप्रसिद्ध चित्रपट दाराबाहेर उभा होता, दार कोणी उघडले नाही म्हणून.

आणि त्याच १९६६ साली आणखी एक पाहुणा त्या दारातून आत गेला. तो आपला होता. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली'. आपल्याकडे तो १९५५ साली लागला होता. जपानी लोकांनी त्याला नाव दिले त्याचा अर्थ 'भूमीचे गाणे'. तिथल्या समीक्षकांचे जे मानाचे नियतकालिक, 'किनेमा जुम्पो', त्याच्या वार्षिक निवडीत परदेशी चित्रपटांत या बंगाली चित्रपटाला पहिला क्रमांक मिळाला. 'अपराजितो' हा दुसरा भागही १९७० साली गिल्डनेच आणला. त्याचे जपानी नाव 'महानदीचे गाणे'. तिसऱ्या भागाची हकीकत पुढे सांगतो.

इथे मला माझी एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी महाविद्यालयात शिकत असताना आम्ही चार-पाच मुलांनी मिळून एक फिल्म क्लब काढला होता. पहिला खेळ 'पथेर पांचाली'चा. सभागृहात खुर्च्या मांडल्या दोनशे, आले आम्ही धरून चौदाजण. आम्ही हिरमुसलो. म्हटले, रद्द करू या. तेव्हा प्रोजेक्टर सांभाळणारे आमचे वयस्कर शिपाईमामा म्हणाले, "अरे, माणसं चौदा असोत की चारशे, मशीन तेवढंच चालतं. लाव की!" खेळ झाला. दुर्गा गेल्यानंतर हरिहर घरी येतो तो प्रसंग आला, तेव्हा मागे वळून पाहिले तर शिपाईमामा भिंतीला टेकून उभे, डोळ्याला पंचा लावलेला. पुढच्या महिन्यात तोच चित्रपट पुन्हा लावला, तेव्हा साठ माणसे आली. त्यांतली निम्मी मामांनी आणली होती.

मामांचे ते वाक्य मी अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या वाक्याइतकेच मोलाचे मानतो. चित्रपटगृहाचा खर्च प्रेक्षक थोडे आले म्हणून कमी होत नाही. भाडे तेवढेच, वीज तेवढीच, नोकरांचा पगार तेवढाच. म्हणून मालकाला रिकामी खुर्ची टोचते आणि तो चित्रपट बदलतो. गिल्डने मालकाला एवढेच सांगितले, की बाबा रे, महिनाभर ती टोचणी सोस, साठ माणसे येईपर्यंत थांब.

आता गिल्डच्या मुख्य चित्रपटगृहात जरा डोकावू. तोक्योच्या शिंजुकु भागातले 'शिंजुकु बुन्का'. बुन्का म्हणजे संस्कृती. किन्शिरो कुझुई नावाचे गृहस्थ त्याचे व्यवस्थापक होते. त्यांनी बाहेरची भिंत गडद करड्या रंगाने रंगवून टाकली. शेजारची चित्रपटगृहे रंगीबेरंगी फलकांनी लखलखत असताना हे एक मुनीसारखे मौन धरून उभे! रात्रीचा शेवटचा खेळ संपला की त्याच सभागृहात नाटके होत. युकिओ निनागावा यांनी शेक्सपिअरची नाटके करून पुढे जगभर कीर्ती मिळवली; त्यांचे दिग्दर्शक म्हणून पहिले नाटक १९६९ साली इथेच झाले. १९६७ साली याच इमारतीच्या तळघरात एक चिमुकले नाट्यगृह सुरू झाले, 'सासोरी-झा', म्हणजे वृश्चिक रंगगृह. हे नाव सुचवले होते प्रसिद्ध लेखक युकिओ मिशिमा यांनी. मिशिमांनी स्वतः लिहून, दिग्दर्शित करून आणि स्वतःच भूमिका करून काढलेला 'युकोकु' हा अर्ध्या तासाचा लघुपट १९६६ साली इथे लागला, तेव्हा प्रचंड गर्दी लोटली.

या गर्दीमुळे गिल्डच्या मंडळींच्या मनात एक विचार बळावला. लहानसा, कमी खर्चाचा चित्रपटही आपल्या पडद्यांवर पैसा मिळवू शकतो. मग आपणच चित्रपट का काढू नयेत? आतापर्यंत ते फक्त दाखवीत होते. तेशिगाहारा यांचा 'पिटफॉल' १९६२ साली गिल्डने दाखवला, तो त्यांच्या पडद्यावरचा पहिला जपानी चित्रपट. पण तो काढला होता दुसऱ्यांनी. आता १९६७ साली शोहेई इमामुरा यांच्या 'अ मॅन व्हॅनिशेस' या चित्रपटात गिल्डने पैसा घातला, आणि १९६८ साली नागिसा ओशिमा यांच्या 'डेथ बाय हँगिंग'पासून एक पद्धतच पडून गेली. तिला लोक 'एक कोटी येनांचा चित्रपट' म्हणत.

एक कोटी म्हटल्यावर दचकू नका. त्या वेळी एका डॉलरला ३६० येन मिळत. म्हणजे ही रक्कम झाली अठ्ठावीस हजार डॉलरांहूनही कमी. १९६८ च्या भावाने आपले सुमारे दोन लाख रुपये. मोठ्या कंपनीच्या चित्रपटाला याच्या कित्येक पट खर्च येई. यातले अर्धे पैसे गिल्डने घालायचे, अर्धे दिग्दर्शकाच्या स्वतःच्या संस्थेने. त्या बदल्यात काय काढावे आणि कसे काढावे यात कोणी ढवळाढवळ करायची नाही.

ओशिमांना या स्वातंत्र्याची किंमत ठाऊक होती. १९६० साली त्यांचा 'नाइट अँड फॉग इन जपान' हा राजकीय चित्रपट शोचिकु कंपनीने लागल्यापासून काही दिवसांतच उतरवला होता. त्या आठवड्यात समाजवादी नेते असानुमा यांचा भर सभेत खून झाला होता आणि वातावरण तापले होते. ओशिमांनी पुढे त्या कंपनीची नोकरी सोडली. ज्याचा चित्रपट तीन-चार दिवसांत उतरवला गेला, त्याला 'महिनाभर उतरवणार नाही' असे सांगणारे घर भेटले, तेव्हा त्याला काय वाटले असेल! 'डेथ बाय हँगिंग'मध्ये त्यांनी एका कोरियन तरुणाला फाशी देण्याची आणि त्या फाशीने तो न मरण्याची कथा सांगितली. जपानी समाजाने कोरियन लोकांना दिलेल्या वागणुकीवर तो जळजळीत आघात होता. कोणत्याही मोठ्या कंपनीने असा चित्रपट स्वखुशीने काढला नसता.

पैसा थोडा म्हणून कलावंतांनी युक्ती लढवली. मासाहिरो शिनोदा यांनी १९६९ साली चिकामात्सु या जुन्या नाटककाराच्या बाहुली-नाटकावरून 'डबल सुइसाइड' काढला. बाहुल्यांच्या खेळात काळे कपडे घातलेले सूत्रचालक असतात. शिनोदांनी त्यांना तसेच पडद्यावर आणले. जिवंत माणसांच्या भोवती ही काळी माणसे वावरतात, वस्तू हलवतात, जणू नियतीच हात लावते आहे. भव्य देखाव्यांना पैसा नव्हता, ती उणीव त्यांनी कल्पनेने भरून काढली. 'किनेमा जुम्पो'च्या यादीत त्या वर्षीचा तो पहिल्या क्रमांकाचा जपानी चित्रपट ठरला. १९७० साली आकिओ जिस्सोजी यांच्या गिल्डसाठी केलेल्या चित्रपटाला स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, वा! मग ही साखळी आज किती मोठी झाली असेल? वाचकहो, तसे झाले नाही, आणि ते का झाले नाही हेही सांगितले पाहिजे.

एक तर सारा धंदाच बसत चालला होता. घरोघर दूरचित्रवाणी आली. १९५८ साली ज्या देशात ११२ कोटी तिकिटे खपली, तिथे १९६३ साली ती ५१ कोटींवर आली आणि १९७२ पर्यंत २० कोटींच्याही खाली. मोठ्या कंपन्या डळमळल्या, मग दहा पडद्यांच्या गिल्डची काय कथा? दहाही चित्रपटगृहे गिल्डच्या मालकीची नव्हती, हे ध्यानात घ्या. ती निरनिराळ्या मालकांनी दिलेली होती. जमिनीचे भाव वाढले, तोटा सोसवेना, तसे एकेक चित्रपटगृह गळू लागले. १९७४ साली खुद्द शिंजुकु बुन्का गिल्डच्या हातून गेले. उसन्या छपराखाली मांडलेला संसार तो, छपराच्या मालकाने हात काढताच उघडा पडला.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. एक कोटी येनांच्या पद्धतीत अर्धा भार दिग्दर्शकावर होता. चित्रपट चालला तर ठीक, न चालला तर तोट्याचा निम्मा वाटा त्या कलावंताच्या डोक्यावर. सहकाऱ्यांनी नाममात्र मोबदल्यात राबायचे, नटांनी मैत्रीखातर यायचे. तरुणपणी हे खपते; संसार वाढल्यावर खपत नाही. स्वातंत्र्य होते खरे, पण त्याचे बिल कलावंताने भरायचे होते. ज्या व्यवस्थेत कलावंताने सतत त्याग केल्यावाचून गाडी हलत नाही, ती व्यवस्था आदर्श म्हणता येणार नाही, असे माझे नम्र मत आहे.

तरीही गिल्ड एकदम मिटले नाही. त्याने नव्या पोरांना हाताशी धरले. १९७६ साली काझुहिको हासेगावा यांचा 'द यूथ किलर' आणि १९८३ साली योशिमित्सु मोरिता यांचा 'द फॅमिली गेम', हे गिल्डचे दोन्ही चित्रपट आपापल्या वर्षी 'किनेमा जुम्पो'च्या यादीत पहिले आले. नंतर मात्र काम मंदावत गेले आणि ही संस्था इतिहासजमा झाली.

आता अपूच्या तिसऱ्या भागाची हकीकत. जपानमध्ये 'अपूर संसार' १९७४ पर्यंत लागला नव्हता. तोक्योत जिंबोचो नावाचा जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा भाग आहे. आपल्या पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाची आठवण व्हावी असा. तिथल्या 'इवानामी हॉल' या सव्वादोनशेच्या आसपास खुर्च्यांच्या सभागृहात एत्सुको ताकानो या बाईंनी काशिकोबाईंच्या साहाय्याने फेब्रुवारी १९७४ पासून चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पहिला चित्रपट कोणता निवडला असेल? 'अपूर संसार'. जपानी नाव 'महावृक्षाचे गाणे'. ज्या वर्षी शिंजुकु बुन्काचा दिवा मालवला, त्याच वर्षी दुसरीकडे ज्योत लागली. पुढे १९८० नंतर तोक्योत आणि गावोगाव अशी लहान चित्रपटगृहे निघाली. जपानी लोक त्यांना 'मिनी थिएटर' म्हणतात. मोठी साखळी तुटली, पण तिच्या सुट्या कड्या देशभर विखुरल्या. काशिकोबाई १९९३ साली वारल्या, तेव्हा हे पीक त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

२०२० साली कोरोनाची साथ आली आणि ही चिमुकली चित्रपटगृहे बंद पडायची वेळ आली. तेव्हा दोन तरुण दिग्दर्शकांनी, कोजी फुकादा आणि र्युसुके हामागुची यांनी, पुढाकार घेऊन लोकांना हाक घातली. सुमारे तीस हजार माणसांनी मिळून ३३ कोटी येनांहून अधिक रक्कम जमवली. इवानामी हॉल मात्र त्या धक्क्यातून सावरला नाही. २९ जुलै २०२२ रोजी तो बंद झाला. सगळेच वाचते असे नाही. पण तीस हजार माणसांना आपल्या गावातले एक छोटे चित्रपटगृह बंद पडू नये असे वाटावे, ही जाण १९६२ पासून महिना-महिना थांबून घडवली गेली होती.

आता जाता जाता आपल्याकडे वळू. आपल्या सरकारने १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढली. तिच्या कर्जावर १९६९ साली मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' निघाला. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ निघाले, आणि अशा फिल्म सोसायट्यांनी मराठी रसिकांना जगाचा चित्रपट दाखवला. पुढे मुंबईतल्या आकाशवाणी थिएटरात समांतर चित्रपट लागत, हे जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. म्हणजे चित्रपट काढायला आपण पैसा दिला, जतन करायला जागा दिली, चर्चा करायला मंडळे दिली. न दिली ती एकच गोष्ट, दहा गावांतले दहा पडदे आणि महिनाभराची मुदत. चांगला मराठी चित्रपट निघतो, पुरस्कार मिळवतो, आणि कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या माणसाने तो पाहायचे ठरवेपर्यंत सकाळच्या एका गैरसोयीच्या खेळावर जाऊन उतरलेला असतो. "थिएटर मिळत नाही" ही आपली ओरड खरीच आहे. पण थिएटर मिळणे म्हणजे नुसती जागा मिळणे नव्हे, तिथे टिकण्याइतका वेळही मिळणे, ही गोष्ट काशिकोबाईंनी ओळखली होती.

यात आपण प्रेक्षकांनीही आपला वाटा पाहिला पाहिजे. पहिल्या आठवड्यात आपण गेलो नाही, तर दुसरा आठवडा मागण्याचा हक्क आपल्याला कितपत राहतो? आमचे शिपाईमामा काही समीक्षक नव्हते. त्यांनी एवढेच केले. स्वतः पाहिले, रडले, आणि पुढच्या खेळाला तीस माणसांना घेऊन आले. पण त्यासाठी पुढचा खेळ व्हावा लागला होता.